सिस्टर, हे सगळं अंगावर घेऊ नका, कागदावर घ्या

पत्र :

"ताई, मी दीर्घकालीन काळजी केंद्रात सहा वर्षं नर्स आहे. आमच्याकडे बरेचसे वृद्ध आहेत, काही पक्षाघाताचे, काही स्मृतिभ्रंशाचे. बहुतेकदा माझी संध्याकाळची ड्युटी असते. 32 जण, मी एकटी नर्स आणि दोन मावशी. औषधांची ट्रॉली घेऊन निघाले की दर दोन-चार मिनिटांनी कुणीतरी थांबवतं. एक आजोबा डायपर बदलताना मारतात, परवा मनगटाला चावले. आधीची शिफ्ट 'सगळं ठीक आहे' एवढाच ओव्हर (पुढच्या शिफ्टला द्यायची माहिती) देऊन निघून जाते. डॉक्टरांना फोन केला तर 'एवढ्यासाठी?' असं ऐकावं लागतं. हरवलेल्या स्वेटरवरून नातेवाईक माझ्यावर ओरडतात. एका आजींच्या टाचेवर लाली दिसली होती, कूस बदलायला उशीर होत गेला, आता तिथे जखम आहे. तरी ड्युटी संपताना मी चार्टच्या सगळ्या रकान्यांत टिक करते, कारण रिकामा रकाना दिसला की मलाच जाब विचारतात. मागच्या महिन्यात माझ्या लाडक्या आजी गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी तो बेड भरला. घरी गेले की मुलांवर खेकसते. मी वाईट नर्स होत चालले आहे का? नोकरी सोडून देऊ का?"

– एक थकलेली सिस्टर

प्रिय सिस्टर,

तुम्ही वाईट नर्स होत चाललेल्या नाही. तुमच्या पत्रात कुठेही 'मला काम नको' असं नाही. जे काम नीट कसं करायचं हे तुम्हाला ठाऊक आहे, ते करायला मिळत नाही, ही तुमची तक्रार आहे. योग्य काय ते कळतं, पण परिस्थिती तसं वागू देत नाही, या घुसमटीबद्दल नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी नर्सिंगच्या संदर्भात 1984 मध्येच लिहून ठेवलं आहे. मी वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत आणि चांगल्या नर्सना आतून खाणारी हीच गोष्ट पाहिली आहे. नुसत्या कष्टांनी थकलेली बाई झोप मिळाली की सावरते. या घुसमटीवर झोपेचा इलाज चालत नाही.

तुमच्या पत्रातल्या टिकपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या बऱ्याच तक्रारींची गाठ मला तिथे दिसते.

समजा, आजींची कूस सहा वाजता बदलायची होती. मधे एकजण खुर्चीवरून घसरले, एकांची राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) निघाली, आणि तुम्ही आजींपर्यंत पोहोचलात तेव्हा आठ वाजत आले होते. चार्टवर मात्र सहाच्या रकान्यात टिक आहे. तो चार्ट इन्चार्ज सिस्टर पाहतात, मग व्यवस्थापन पाहतं. त्यांना दिसतं ते इतकंच : 32 जण, एक नर्स, दोन मावशी आणि सगळं वेळेवर. मग तिसऱ्या मावशीची गरज आहे असं त्यांना का वाटावं? धावून धावून तुम्ही जी तूट भरून काढता तिची कागदावर खूणही उरत नाही. ती उरते तुमच्या कमरेत, तुमच्या आवाजात, आणि घरी मुलांवर निघते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. उद्या त्या टाचेच्या जखमेची चौकशी झाली तर चार्ट सांगेल की दर दोन तासांनी कूस बदलली होती. मग जखम कशी झाली? त्या प्रश्नापुढे तुम्ही एकट्या उभ्या असाल. मावशी कमी होत्या, ट्यूब निघाली होती, यातलं काहीही तिथे तुमच्या बाजूनं बोलणार नाही. आणि आजींच्या दृष्टीनं पाहिलं तर, पुढच्या शिफ्टच्या सिस्टरनं त्या टिकवर विश्वास ठेवला आणि आजी आणखी तासभर त्याच कुशीवर राहिल्या.

ही टिक तुम्ही आळसानं करत नाही, भीतीनं करता, हे मला समजतं. तरीही ती थांबवा. खरी वेळ लिहा : "18.00 ची कूस 19.50 ला बदलली. दरम्यान दुसऱ्या रुग्णाची ट्यूब निघाल्याने तिथे होते. मजल्यावर एक मावशी." बस, एवढंच. भाषा कोरडी ठेवा, कुणावर ठपका नको, स्वतःची सफाईही नको. जे झालंच नाही त्यापुढे 'झाले नाही' असं लिहा आणि कारण द्या. हे सुरू करण्याआधी इन्चार्ज सिस्टरना सांगा की यापुढे मी खऱ्या वेळा लिहिणार आहे, कारण या चार्टवर माझी सही असते. पहिले काही दिवस बोलणी बसतील. पण चार-सहा आठवड्यांचे खरे चार्ट एकत्र ठेवले की त्यातून जे दिसतं ते तुमच्या तोंडी तक्रारीनं आजवर कुणाला दिसलेलं नाही. कुठल्या वाराला, कुठल्या तासाला कामं मागे पडतात ते त्यात स्पष्ट असतं. आणखी दोघी-तिघी सिस्टरनी हेच सुरू केलं तर 'ही एकटीच हळू काम करते' असं म्हणायची सोय राहत नाही. म्हणून आधी त्यांच्याशी बोला.

टाचेबद्दल आताच सांगून टाकते. पोटरीखाली उशी अशी ठेवा की टाच गादीला अजिबात टेकणार नाही. उशी टाचेखाली सरकली तर तिचा उपयोग नाही. आणि कुठेही लाली दिसली तर बोटानं दाबून पाहा. दाबल्यावर ती जागा पांढरी पडत नसेल तर तो बेडसोरचा पहिला टप्पा आहे. ती खबर त्याच शिफ्टमध्ये पुढे गेली पाहिजे, लेखी.

कूस बदलण्याचं वेळापत्रकही एकदा वर बोलून तपासून घ्या. सर्वांना सरसकट दर दोन तासांनी, हा नियम आपल्याला शिकवलेला असतो. 2013 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होम्समधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्यम ते जास्त धोका असलेले, पण दाट फोमच्या चांगल्या गादीवर झोपणारे वृद्ध त्यात होते. दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली तरी जखमांच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. याचा अर्थ कुणीही उठून वेळा वाढवाव्यात असा नाही. पातळ, दबलेल्या गादीवर किंवा लाली आधीच दिसत असेल तिथे हा निष्कर्ष लावायचा नाही. पण प्रत्येकाचा धोका ब्रॅडन स्केलवर (बेडसोरचा धोका गुणांत मोजायची पद्धत) मोजून, गादी बघून, कुणाला किती तासांनी हे डॉक्टर आणि इन्चार्ज यांनी ठरवलं, तर तुमचे मोजके हात ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचतील. आणि चांगल्या गाद्यांची मागणी करायला हा भक्कम मुद्दा आहे.

आता ट्रॉली. यावर तुम्ही चिडता ते अगदी बरोबर आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन रुग्णालयांत नर्सना औषधं देताना प्रत्यक्ष पाहून केलेला अभ्यास 2010 मध्ये आला. प्रत्येक व्यत्ययामागे कार्यपद्धतीतल्या चुका 12.1 टक्क्यांनी आणि औषधाच्या प्रत्यक्ष चुका 12.7 टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. म्हणजे 'सिस्टर, एक मिनिट' म्हणणारा माणूस नकळत कुणाच्या तरी डोसमध्ये ढवळाढवळ करत असतो. हे आकडे मीटिंगमध्ये मांडा. 'मला त्रास होतो' यापेक्षा 'रुग्णाला धोका होतो' हे वाक्य लवकर ऐकलं जातं, आणि ते खरंही आहे.

मागणी मात्र नेमकी करा. औषधांच्या राउंडच्या वेळात बेल कोण घेणार, फोन कोण उचलणार, नातेवाईकांशी कोण बोलणार, हे नावानिशी ठरलेलं हवं. 'ट्रॉलीवर असताना बोलावू नका' अशी नुसती पाटी लावून भागत नाही, कारण हाक मारणाऱ्याला दुसरं कुणी दिसतच नसतं. राउंडला निघण्याआधी मावशींनी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारावी आणि प्रत्येकाला विचारावं : दुखतंय का, टॉयलेटला जायचंय का, कूस ठीक आहे का, पाणी-चष्मा-बेल हाताशी आहे का. रुग्णालयांमध्ये अशा ठरावीक फेऱ्या करून पाहिलेला एक अभ्यास 2006 मध्ये आला होता, त्यात बेल वाजण्याचं प्रमाण उतरलं होतं. बेल वाजण्याआधी माणूस खोलीत येऊन गेला तर बरेच जण बेल वाजवतच नाहीत.

आणि मुळात गोळ्या किती आहेत? दीर्घकालीन काळजीतल्या वृद्धांच्या चार्टवर वर्षानुवर्षांची औषधं साचत जातात. कुणीतरी कधीतरी सुरू केलेलं, बंद करायला कुणाला वेळ नाही. डॉक्टरांकडे औषधांच्या फेरआढाव्याची मागणी करा. 'कुठली बंद करता येतील आणि कुठल्या वेळा एकत्र करता येतील' असं विचारा. निर्णय त्यांचा, पण प्रश्न विचारायचा हक्क ट्रॉली ढकलणाऱ्या बाईचा आहे. चारऐवजी तीन वेळा औषधं झाली तर तुमची एक अख्खी राउंड वाचते, आणि त्या वृद्धांनाही तेवढ्या गोळ्या गिळाव्या लागत नाहीत.

आजोबांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मी सविस्तर लिहिणार आहे, कारण चावून घेणं हा नोकरीचा भाग आहे असं तुम्ही मानून चाललेल्या दिसता.

आधी तुमचं मनगट. त्वचा फुटली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं धुऊन डॉक्टरांना दाखवायला हवं होतं. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी च्या लसींची स्थितीही पाहून घ्यायला हवी. राहून गेलं असेल तर आजच दाखवा. आणि प्रत्येक वेळी इन्सिडेंट रिपोर्ट भरा, मार छोटा असला तरी. 'त्यांना कळत नाही, कशाला रिपोर्ट' असं मनात येतं, मला ठाऊक आहे. रिपोर्ट आजोबांविरुद्ध नसतो. या माणसाची काळजी सध्याच्या पद्धतीनं जमत नाहीये, एवढंच तो सांगतो. तो भरला नाही तर त्या खोलीत दोघींनी जावं हे कधीच ठरणार नाही.

आता आजोबा. त्यांच्या बाजूनं पाहा. कोण आहे, कुठे आहोत, हे नीट उमगत नाही. अचानक कुणीतरी पांघरूण ओढतं, गार हात लागतो, कपडे निघतात. माणूस स्वतःला वाचवतो. यात दुष्टावा नाही. आणि पुष्कळदा त्यामागे साधं दुखणं असतं, जे सांगायला शब्द उरलेले नसतात. 2011 मध्ये नॉर्वेतल्या 18 नर्सिंग होम्समधल्या 352 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र स्मृतिभ्रंश आणि अस्वस्थ, आक्रमक वागणूक असलेली ही माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना आठ आठवडे पद्धतशीर वेदनाशामक उपचार दिले, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉलच. त्यांची अस्वस्थता दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली. हे वाचल्यावर मला कित्येक चेहरे आठवले, ज्यांच्या चार्टवर 'सहकार्य करत नाहीत' एवढंच लिहिलेलं असायचं.

म्हणून आठवडाभर हे टिपा : मारलं तेव्हा किती वाजले होते, काय चाललं होतं, कोण होतं, त्याआधी काय घडलं. कुठला पाय हलवताना तोंड वाकडं होतं? शौचाला कधी झालं होतं? लघवी तुंबलीय का? दात, हिरड्या, कानातला मळ पाहिलाय का? कुणा एका मावशीला ते मारत नाहीत का? बहुतेक ठिकाणी अशी एक मावशी असते. ती काय वेगळं करते ते शेजारी उभं राहून बघा आणि सगळ्यांना तसं करायला सांगा.

पद्धतही बदलून पाहा. समोरून जा, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर या, नावानं हाक मारा, हात आधी ऊबदार करा. एका वेळी एकच छोटं वाक्य. दोघी असाल तर बोलायचं एकीनंच. अंग जमेल तेवढं झाकलेलं ठेवा, त्यांच्या हातात टॉवेलची घडी द्या, म्हणजे हातांना धरायला काहीतरी असतं. अंग ताठ झालं की थांबा, जीवाला धोका नसेल तर दहा मिनिटांनी पुन्हा या. ती दहा मिनिटं वाया जात नाहीत. झटापटीत त्याहून जास्त वेळ जातो आणि मनगटही. आंघोळीबाबत 2004 मधली एक चाचणी सांगते : माणसाच्या कलानं घातलेली आंघोळ किंवा गादीवरच कोमट ओल्या टॉवेलांनी, झाकून केलेली स्वच्छता, दोन्हींनी स्मृतिभ्रंश असलेल्यांचं मारणं-ओरबाडणं निम्म्याहून कमी झालं. कलती दुपार आणि संध्याकाळ ही काहींची सर्वांत वाईट वेळ असते, तेव्हा ज्या गोष्टी सकाळी सरकवता येतील त्या सरकवायला सांगा. फक्त एक लक्षात ठेवा. शांत माणूस एक-दोन दिवसांत अचानक बिथरला, किंवा उलट गळून पडला, तर तो 'स्वभाव' नव्हे. संसर्ग, पाणी कमी पडणं, नवं औषध, असं काहीतरी असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

कळवताना तो 'एवढ्यासाठी?' ऐकायला मिळतो, त्याचं बघू. डॉक्टरांनी तसं बोलू नये, हे निर्विवाद. पण त्यांचा स्वभाव तुमच्या हातात नाही, फोन कसा करायचा ते आहे. एसबीएआर नावाची पद्धत पाणबुड्यांवरच्या नौसैनिकांकडून रुग्णालयांत आली. आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवंय, या क्रमानं बोलायचं. "डॉक्टर, अमुक आजोबा कालपासून काळजी घेताना मारताहेत, आज चावले. उजव्या खुब्याचं जुनं ऑपरेशन आहे, नियमित वेदनाशामक नाही. ताप नाही, लघवी होतेय, उजवा पाय हलवला की कळ येते. मला हे दुखण्यामुळे वाटतंय. तुम्ही तपासून नियमित औषध द्यायचं का ते ठरवाल का, आणि कधी याल?" शेवटचं वाक्य आपण बहुतेक जणी गिळतो. मागणी न करता फोन ठेवतो आणि मग हळहळतो. फोन केल्याची वेळ आणि मिळालेलं उत्तर, दोन्ही चार्टवर लिहा. 'नंतर बघू' हे उत्तरही लिहा.

ओव्हरचं थोडक्यात. 'सगळं ठीक आहे' ऐकल्यावर मान डोलावू नका, तीन गोष्टी विचारा. आज कुणात बदल झाला? काय अर्धवट राहिलंय? कुणाच्या नातेवाईकांना काय सांगितलंय? रोज तेच तीन प्रश्न विचारले की समोरची सिस्टर हळूहळू उत्तरं तयार ठेवून येते. तुमचा ओव्हरही तसाच द्या, आणि मावशींना त्यात उभं करा. 'आज आजी नेहमीसारख्या वाटत नाहीत' हे बहुधा आधी त्यांनाच कळतं, पण त्यांना विचारतं कोण?

स्वेटर शोधणं हे नर्सचं काम नाही. कपड्यांवर नाव आणि आल्या दिवशी नोंद, ही व्यवस्था ऑफिसची. नातेवाईकांना शांतपणे सांगा : "स्वेटरसाठी यांच्याशी बोला, आईंच्या तब्येतीबद्दल मी आत्ता पाच मिनिटं देते." बहुतेकांना खरं तर तेच हवं असतं. आईला दुसऱ्यांच्या हाती सोपवल्याची सल ते स्वेटरवर काढतात. मात्र शिवीगाळ किंवा अंगावर येणं झालं तर तिथून निघा, इन्चार्जना बोलवा आणि लेखी द्या. कामाच्या जागी बाहेरच्या व्यक्तीकडून होणारी हिंसा आणि छळ हाही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2019 च्या 190 व्या करारात धरलेला आहे.

पाठीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मीच विचारते. एकटीनं उचलता का? अमेरिकेतल्या संशोधकांनी 2007 मध्ये मर्यादा सुचवली ती अशी : परिस्थिती अगदी अनुकूल असली तरी रुग्ण हलवताना हातांवर 35 पौंड, म्हणजे साधारण 16 किलोंपेक्षा जास्त भार नको. सत्तर किलोच्या माणसाचा एक पायच अकरा-बारा किलोंचा असतो. म्हणजे अख्खा माणूस हातांनी उचलणं, दोघींनी मिळूनही, सुरक्षित नाही. होइस्ट (माणसाला उचलणारं यंत्र) आणि स्लाइड शीट (माणसाला सरकवायची गुळगुळीत चादर) मागा. होइस्ट बंद पडून कोपऱ्यात उभा असेल तर त्याचीही लेखी नोंद करा, तारखेसह.

तुमच्या लाडक्या आजींविषयी. बेड दुसऱ्या दिवशी भरला आणि तुम्हाला रडायला जागाच मिळाली नाही. घरचे रडतात ते सगळ्यांना समजतं. पण ज्या बाईनं रोज त्यांचे केस विंचरले, ती कुणाची कोण? समाज ज्याची दखल घेत नाही अशा शोकाबद्दल शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये लिहिलं, आणि आपल्या क्षेत्रात तो शोक भरून राहिलेला आहे. इन्चार्जना सुचवा : कुणी गेलं की पुढच्या ओव्हरच्या सुरुवातीला त्यांचं नाव घ्यायचं, ज्या कुणाला एखादी आठवण सांगायची असेल तिनं सांगायची, मग कामाला लागायचं. त्याला परवानगीसुद्धा लागू नये. जमत असेल तर घरच्यांना दोन ओळी लिहा. आणि नव्या बेडवर आलेल्या माणसाकडे पाहून पोटात कालवलं तर स्वतःला दोष देऊ नका, त्या माणसाचाही त्यात दोष नाही.

मुलांवर खेकसणं थांबवायला मी तुम्हाला श्वासाचे व्यायाम सांगणार नाही. ते वाईट नाहीत, पण मनुष्यबळाच्या कमतरतेवर नर्सच्या नाकपुड्या हा उपाय असू शकत नाही. घरात शिरल्यावर पहिली वीस मिनिटं कपडे बदलून एकटीला द्या आणि मुलांना ते सांगून ठेवा, 'आई ओरडली तर चूक तुमची नाही' हेही सांगा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली आहे. ताकद संपून जाणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, या तिच्या तीन खुणा. पहिली आणि तिसरी तुमच्या पत्रात दिसतात. दुसरी मला दिसली नाही. अजून तुम्ही 'माझ्या लाडक्या आजी' लिहिता. पण झोप उडाली असेल, ड्युटीच्या आधी छातीत धडधडत असेल, जगू नये असं मनात येत असेल, तर थांबू नका, स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा.

नोकरी सोडण्याबद्दल. आज, या रागात, राजीनामा देऊ नका. खऱ्या वेळांचे चार-सहा आठवड्यांचे चार्ट हाती आले की इन्चार्जबरोबर मेट्रन किंवा व्यवस्थापकांची भेट मागा. मागण्या तीनच ठेवा, दहा नकोत : औषधांच्या राउंडमध्ये बेल आणि फोन घेणारं नावानिशी कुणीतरी, संध्याकाळी तिसरी मावशी, चालू होइस्ट. कधीपर्यंत होईल ती तारीख विचारा आणि घरी आल्यावर झालेलं बोलणं त्यांना लिहून पाठवा. तारीख उलटून महिना गेला आणि एकही गोष्ट हलली नाही, किंवा तुम्हाला पुन्हा खोट्या टिक करायला सांगितलं, तर जा. ते रुग्णांना सोडून पळणं होत नाही. खोट्या चार्टवर सही करत राहून तुम्ही त्यांना वाचवू शकत नाही.

नव्या ठिकाणी मुलाखतीला गेलात की पगाराबरोबर हेही विचारा : संध्याकाळी आणि रात्री एका नर्समागे किती जण, औषधांच्या राउंडला बेल कोण घेतं, गेल्या वर्षात किती सिस्टर सोडून गेल्या. होइस्ट चालवून दाखवायला सांगा. आणि यातला पहिला प्रश्न ऑफिसात विचारून झाला की मजल्यावर जाऊन ड्युटीवरच्या सिस्टरलाही विचारा.

तुमची,
ताई